रविराजच्या दारावरची पाटी

मागच्या चैत्रात पलूसच्या बाजारापासून सांगलीच्या स्टँडपर्यंत लोक एक गोष्ट तोंडावर हात धरून सांगत होते. जर्मनीला गेलेला आमच्या गावचा रविराज तिकडं कारखान्यात बिरखान्यात काही नाही, म्हणे. एका मोठ्या घराचा जिना झाडायला त्याला ठेवलाय, आणि मालकानं त्याच्या दाराला तशी पाटीच टांगलीय. सांगणारा शेवटी आवाज आणखी खाली आणायचा. "आपल्याला काय करायचंय म्हणा, पर पोराचा साखरपुडा झालाय." मग सांगणारा आणि ऐकणारा दोघं मिळून त्या मुलीसाठी हळहळायचे. मुलगी दोघांनीही पाहिलेली नसायची. हळहळ मोठी झाली की चहा सांगायचे.

मुलगी साताऱ्याकडची. नाव संयोगिता, साताऱ्यात एका लॅबमध्ये रक्त तपासायच्या कामाला. वडील दादासो, फौजेतून सुभेदार होऊन परत आलेले. अशा घरात ही बातमी पोचली तर लग्न मोडणार, हे आमच्या गावात सगळ्यांना कळत होतं. आणि म्हणूनच ती पोचवायची घाई सगळ्यांना झाली होती.

आता हा रविराज कोण, ते सांगायला पाहिजे. वडील तो लहान असतानाच गेले. आई रंगूबाईनं उसाची शेती आणि पोरगं, दोन्ही एकटीनं वाढवलं. त्यातल्या उसाला ती कधीमधी उन्हात ठेवायची, पोराला कधीच नाही. रविराजनं जेवलेलं ताट उचललं, असं पाहिलेला एक माणूस गावात सापडायचा नाही. ताटाकडं त्याचा हात गेला की रंगूबाई म्हणायची, "ठेव रं, बायकांची कामं हायती ती." पोरगं तसं कष्टाळू. डिप्लोमा केला, कुपवाडच्या एका वर्कशॉपमध्ये मशीनवर लागला, रोज दुचाकीवरून जाऊन-येऊन. संध्याकाळी सांगलीत जर्मनचा क्लास. दोन वर्षं त्या क्लासात स्टेशनवर तिकीट कसं मागायचं आणि डॉक्टरला पोट कुठं दुखतं ते कसं सांगायचं, हे शिकला. स्टुटगार्टजवळच्या एका कारखान्यात नोकरी लागली. दिवाळीनंतर साखरपुडा उरकून तो विमानात बसला, आणि लग्न वैशाखात ठरलं.

तिकडं पहिले काही आठवडे कंपनीनं दिलेल्या खोलीत निघाले. नव्या वर्षात त्यानं स्वतःचं घर भाड्यानं घेतलं, कारण वैशाखानंतर तिथं दोघं राहणार होते. भाड्याचा आकडा ऐकून रंगूबाईनं विचारलं होतं की एवढ्यात घर आपल्या नावावर व्हणार का. नाही म्हटल्यावर तिनं फोनच ठेवून दिला. किल्ली मिळाली, रविराज आत गेला, स्वयंपाकघराचं दार उघडलं, आणि तिथंच उभा राहिला. ओटा नव्हता. सिंक नव्हतं. भिंतीतून दोन नळ्यांची तोंडं बाहेर आलेली, आणि छताला दिव्याच्या जागी नुसत्या वायरी लोंबत होत्या. त्यानं घर दाखवणाऱ्या माणसाला विचारलं की स्वयंपाकघर कुठं आहे. तो माणूस म्हणाला, आधीचा भाडेकरू घेऊन गेला, त्याचं होतं.

रविराजनं तिथंच फरशीवर बसून आईला फोन लावला. रंगूबाईला आधी काही समजेना. समजलं तेव्हा तिनं एकच विचारलं, "पोलिसात गेलास का न्हाई?" चोरी नाही, इथं रीतच अशी आहे, हे तिला पटवायला त्याला तास लागला. पटल्यावर ती म्हणाली की मग येताना तूबी काढून आण, आपल्या माडीवर बसवू.

एक धक्का पचतोय तोवर दुसरा यायचा. घरात टीव्ही नाही, रेडिओ नाही, आणि टीव्ही-रेडिओची वर्गणी भरा म्हणून मागणी आली. महिन्याला दोन हजार रुपयांच्या आसपास. त्यानं कळवलं की माझ्याकडं टीव्हीच नाही. उत्तर आलं की त्याचा इथं संबंध नाही, घर आहे ना. रंगूबाईला हे सांगितलं तेव्हा ती गोठ्यात होती. तिनं हातातली पेंढी खाली ठेवली. म्हणाली, म्हैस नसताना डेअरीवाल्यानं पेंडीचं बिल धाडल्यागत झालं हे. केस कापायला गेला तर दुकानाच्या दारावरचा दर वाचून तसाच मागं फिरला, आणि घरी आरशासमोर स्वतःच कात्री चालवली. त्या रात्री संयोगितानं व्हिडिओ कॉलवर त्याला पाहिलं आणि काही वेळ तिला वाटलं की फोन बिघडलाय.

शिवाय रविवार. एका रविवारी सकाळी रविराजनं देव्हारा बसवायला भिंतीला ड्रिल लावलं. पहिलं भोक पूर्ण व्हायच्या आत दार वाजलं. खालच्या मजल्यावरची हेगेलेआजी दारात उभी. ऐंशी ओलांडलेली, पांढरेशुभ्र केस, ताठ पाठ. तिनं भिंतीकडं बोट केलं, मग ओठांवर ठेवलं, आणि म्हणाली, रविवार. रविराजला वाटलं घरात कोणीतरी वारलंय. आपल्याकडं गल्लीत असं काही झालं की रेडिओसुद्धा बंद करतात, तर ड्रिल कुठलं. बिचाऱ्यानं मान खाली घालून आजीचं सांत्वन केलं. आजी त्याच्याकडं बघतच राहिली. बऱ्याच दिवसांनी त्याला कळलं की कुणी वारलं नव्हतं. तिकडं दर रविवारी आवाज करायचा नसतो, एवढंच.

आणि मग एका शनिवारी संध्याकाळी तो कामावरून आला, तर दाराच्या मुठीला दोरीनं एक पाटी टांगलेली. छोटी, लाकडी, कडा झिजून गुळगुळीत झालेल्या, त्यावर जुन्या वळणाची अक्षरं. एकच लांबलचक शब्द, आणि त्याचा शेवटचा तुकडा 'आठवडा' आहे, एवढं त्याला वाचता आलं. त्याआधीच्या अर्ध्या शब्दाचा अर्थ फोनला विचारायचं त्याच्या मनातही आलं नाही, आणि ते का आलं नाही, ते आमच्याकडच्या माणसालाच कळेल.

आमच्या भावकीत जोतिबाची मानाची काठी आहे. ती दर वर्षी एका घरी मुक्कामाला असते. ज्या घराच्या भिंतीला ती उभी, त्या घरचा त्या वर्षीचा मान. आणि त्याची एक रीत आहे: मान घरचा माणूस दुसऱ्याच्या घरी नेऊन पोचवत नाही. नवं घर हलगी वाजवत न्यायला येतं, तेव्हाच काठी हलते. आलेला मान आपण होऊन दारातून काढला तर चारचौघांत नाव जातं. रविराजच्या लहानपणी काठी त्यांच्या घरी होती ते वर्ष रंगूबाई आजही सांगते. वडील गेल्यानंतरचं ते वर्ष होतं. त्या वर्षी घरात माणसांची वर्दळ थांबली नव्हती.

तर परमुलखात, शेजारी नीट ओळखही देत नाहीत अशा घरात, एका शनिवारी न सांगता दाराला एक जुनी, हाताळून झिजलेली पाटी आली. आठवड्याची. रविराजच्या मनात सगळं बरोबर बसलं. या घराचा कुठलातरी मान असणार, आणि आता तो आपल्याकडं आलाय. त्याचे डोळे भरून आले, हे त्यानंच पुढं संयोगिताला सांगितलं, आणि तिच्याकडून ते गावभर झालं. त्यानं पाटी आत नेली, पुसली, देव्हाऱ्यात जोतिबाच्या फोटोशेजारी उभी केली, कुंकू लावलं, उदबत्ती लावली, आणि फोटो काढून आईला पाठवला.

रंगूबाईनं पेढे वाटले. नुसते शेजारी नाही, सोसायटीच्या सेक्रेटरीपर्यंत. "माझ्या लेकाला जर्मनीत मान मिळाला," म्हणत ती फोन प्रत्येकाच्या नाकाशी धरायची. फोटो भावकीच्या व्हॉट्सॲपवर गेला, तिथून पाहुण्यांत गेला. कुंकवातल्या जर्मन पाटीला आमच्या गावातल्या निम्म्या लोकांनी फोनवरच हात जोडले.

तिकडं तो आठवडा गेला, पाटी न्यायला कोणी आलं नाही. दुसरा गेला. रविराजनं खास काजूकतली आणून ठेवली होती, न्यायला येणाऱ्यांच्या हातावर ठेवायला. कोणी नाही. आणि या काळात त्याच्या लक्षात आलं की जिन्यात घाण होतेय. बर्फाचे दिवस, बुटांना चिकटून आलेला चिखल आणि रस्त्यावर टाकतात ते मीठ-खडी पायऱ्यांवर वाळून पांढरट पडलेली. झाडणारा रजेवर गेलेला दिसतोय, असं त्याला वाटलं. आजी जिन्यात भेटली की हा हसून नमस्कार करायचा. आजी हसेना झाली. वरच्या मजल्यावरचा माणूस तर याला पाहून पायरीकडं बोट दाखवायचा, आणि हाही पायरीकडं बघून 'काय करणार' अशी मान हलवायचा.

तिसरा आठवडा संपता संपता हेगेलेआजीनं दार वाजवलं. रविराजला वाटलं, आली एकदाची न्यायला. त्यानं काजूकतलीचा डबा हातात घेऊनच दार उघडलं. आजी आत आली आणि तिची नजर देव्हाऱ्याकडं गेली. पाटीच्या कपाळाला कुंकू, पुढं उदबत्ती, गळ्यात छोटा हार. आजी जवळच्या खुर्चीवर बसली.  मग ती उठली, रविराजला बाहीला धरून जिन्यात नेलं, कठड्यावरून बोट फिरवलं आणि ते काळं झालेलं बोट त्याच्या नाकासमोर धरलं. तळघराच्या दाराआडून झाडू, बादली आणि फडकं काढलं आणि एकेक करून त्याच्या हातात दिलं.

या घरात चार बिऱ्हाडं. पाटी ज्याच्या दाराला, त्या आठवड्यात जिना, तळघराची वाट आणि रस्त्यापर्यंतचा फुटपाथ त्यानं झाडायचा. बर्फ पडला तर सकाळी लोक कामाला निघायच्या आत तोही त्यानंच ओढायचा. आठवडा संपला की पाटी पुढच्या दाराला आपण होऊन टांगायची. हे त्याला समजलं तेव्हा ओट्याविना घर पाहून बसला नव्हता एवढा धक्का त्याला बसला. त्यानं आधी विचारलं की याचे पैसे कुणाला मिळतात. आजीला प्रश्नच कळेना. मग त्यानं विचारलं की पैसे देऊन माणूस लावता येईल का. आजी म्हणाली, येईल की, आणि सफाईवाल्या कंपनीचा दर सांगितला. त्या पैशात कुपवाडला माणूस महिनाभर कामाला येतो. रविराजनं झाडू घट्ट धरला.

झाडायला तो लागला, पण घरी काही बोलला नाही. पेढे वाटून झाले होते. आईला आता काय सांगायचं.

सांगायचं काम सांगलीच्या मधुकररावांनी केलं. हे बँकेतून निवृत्त झालेले गृहस्थ. मुलगी ऋचा जर्मनीतच असते, तिच्याकडं दोनदा जाऊन आलेले, आणि त्या दोन वाऱ्यांवर गेली काही वर्षं त्यांचं बोलणं चाललेलं. फोटो फिरत फिरत त्यांच्याकडं गेला. ते हसले आणि म्हणाले, अहो, ही तर झाडायच्या पाळीची पाटी. खोटं ते बोलले नाहीत. पण हे वाक्य सांगली सोडून पलूसला येईतो त्यातली पाळी वाटेत कुठंतरी गळून पडली आणि नुसती झाडायची पाटी राहिली. गावात येईतो तिला मालक चिकटला, पगार चिकटला. पेढे खाल्लेल्या लोकांनी तर जास्तच चवीनं सांगितलं.

व्हायचं तेच झालं. साताऱ्याहून दादासो सुभेदारांचा फोन आला. शनिवारी येतो, पोरगीबी येतीया, रविराजला फोनवर घ्या. बस, एवढंच. रंगूबाईला त्या रात्री झोप नाही. तिनं लेकाला गाठलं तेव्हा त्यानं सगळं सांगून टाकलं. माझ्या पोराच्या हातात झाडू, हे ती पुन्हा पुन्हा म्हणत राहिली. मग तिला एक वाट सुचली. "मुकादम हाय म्हण," ती म्हणाली. "झाडणाऱ्यांवर मुकादम."

शनिवारी दुपारी दादासो आणि संयोगिता आले. लग्नाआधी मुलगी सासरच्या उंबऱ्यात आली, एवढ्यावरच आमच्या गल्लीत त्या दिवशी अनेक घरांतल्या चुलीवरचं दूध उतू गेलं. शेजारणी धुणं नसताना दोऱ्यांपाशी उभ्या. पोह्यांच्या बशा आल्या. फोन भिंतीला टेकवून ठेवला, रविराज पडद्यावर आला. दादासोंनी मिशीवरून हात फिरवला आणि सरळ विचारलं,

"झाडतोस का?"

रंगूबाई मधेच बोलली. "आवं पावणं, मुकादम हाय त्यो…"

"आये, गप ऱ्हा," रविराज म्हणाला. "मुकादम न्हाई. मीच झाडतो."

दोऱ्यांपाशीच्या शेजारणी दारापर्यंत सरकल्या. दादासो म्हणाले, "झाडतोस त्याचं मला काय न्हाई. फौजेत बॅरेक मीबी झाडलीया, आन् सुभेदार झाल्यावर दुसऱ्यानं नीट झाडली का बघितलंया. मला निराळंच कळलंय. तीन आठवडं तुजी ड्यूटी व्हती आन् तू झाडलंच न्हाईस म्हणं. ते खरं का?"

मधुकररावांच्या ऋचाच्या ओळखीचं कोणीतरी रविराजच्या शेजारात होतं, तिथून साताऱ्यापर्यंत ही जास्तीची बातमी गेली होती, ती आम्हाला नव्हती. याचा आमच्या गावाला आजही राग आहे. रविराजनं मान खाली घातली आणि काठीचं, मानाचं, न्यायला येणाऱ्यांसाठी आणलेल्या काजूकतलीचं सगळं सांगितलं. दादासो ऐकत राहिले. शेवटी एवढंच म्हणाले की आमच्याकडंबी काठी न्यायलाच जावं लागतं. फौजी माणसाच्या तोंडून माफी यापेक्षा मोठी निघत नाही.

रंगूबाईला हुरूप आला. ती म्हणाली, "आता कितीसं दिस ऱ्हायलं. वैशाखात लगीन झालं की पाटी सूनबाईकडं. माज्या पोराला काय जन्मभर झाडायचं न्हाई."

संयोगितानं पोह्यांची बशी खाली ठेवली. तिचा सगळा प्रश्न हाच होता, आणि तो विचारायलाच ती एवढ्या लांब आली होती, हे तेव्हा कळलं. नोकरी सोडून, माणसं सोडून ती जाणार होती. तिथं कामावर ती लागेल तेव्हा लागेल. पण दाराची पाटी पहिल्या आठवड्यापासून कुणाच्या नावाची, ते तिला आजच पाहिजे होतं.

"आत्याबाई, मला झाडायची लाज न्हाई," ती म्हणाली. "पर मला आधी बघायचंय." मग फोनकडं वळून, "आज कुणाची पाळी?"

"माजीच."

"मग झाडा. आमी बसलोय."

रविराजनं फोन वरच्या पायरीवर कठड्याला टेकवला आणि झाडू घेतला. रंगूबाईनं तोंड भिंतीकडं केलं. खोलीत झाडूचा आवाज येत होता. तो चार पायऱ्या उतरला तेव्हा रंगूबाईचा एक डोळा पडद्याकडं वळला होता. आणखी दोन पायऱ्यांनंतर तिला राहवेना. "आरं वाकून झाड की. उभ्यानं कचरा निघतो व्हय?"

"कोपरा ऱ्हायला," संयोगिता म्हणाली.

रविराज परत वर आला आणि कोपरा काढला. तेवढ्यात पडद्यावर खालून हेगेलेआजी चढत आली. तिनं कठड्यावरून बोट फिरवलं, पाहिलं, आणि मान डोलावून स्वतःच्या दारात गेली. रंगूबाईच्या कपाळाला आठ्या. हीच ती मालकीण, असं तिच्या मनानं घेतलं.

"ही बया बोट फिरवती व्हय तुज्या कामावर? हिला काय झालं झाडायला?"

"मागल्या आठवड्यात तिचीच पाळी व्हती, आये. तीच झाडती. फुटपाथ पन."

"ह्या वयात? हिला कोन न्हाई?"

"दोन ल्योक हायती. पर पाटी तिच्या दारावर, म्हणून ती."

 त्या ताठ पाठीच्या म्हातारीच्या बंद दाराकडं रंगूबाई बघत राहिली, जणू ओटा नसलेलं घर आणि टीव्हीविना टीव्हीची वर्गणी हे सगळं या म्हातारीपुढं किरकोळच होतं. मग तिनं संयोगिताची बशी उचलली, पोहे गार झाले म्हणून गरम करायला आत गेली, आणि आतूनच म्हणाली की बर्फ ओढायचं त्यानंच ओढायचं, ते पोरीचं काम न्हाई. रविराज फोनमधून व्हय म्हणाला.

संयोगितानं वडिलांकडं पाहिलं. "बाबा, तारीख हाय ती ऱ्हाऊ द्या."

लग्न वैशाखातच झालं. मांडवात मधुकरराव आले होते, आणि पंगतीत लोक त्यांना तिकडच्या गोष्टी विचारत होते.

खरं एवढंच आहे. रविराज स्टुटगार्टजवळच्या एका कारखान्यात मशीनवर कामाला आहे आणि त्याचा पगार तिथून येतो. तो राहतो त्या घरात चार बिऱ्हाडं आहेत, आणि दर चौथ्या आठवड्याला जिना नि फुटपाथ झाडायची पाळी त्याच्या घराची असते. त्या कामाचे कोणाला पैसे मिळत नाहीत. पाटी त्याच्या दाराला होती. ती मालकानं टांगली नव्हती, शेजाऱ्यानं टांगली होती.